माळ्यावर खोली की मागे पडवी?

मुरुडमधल्या जुन्या घरांचे दुखणे हल्ली एकाच वाक्यात सांगितले जाते: खोल्या पुरत नाहीत. घर ऐंशी-नव्वद वर्षांचे, जोते काळ्या दगडाचे, भिंती चिऱ्याच्या किंवा विटांच्या, वर मंगलोरी कौले आणि मागे नारळ-पोफळीची वाडी. घरात कायम राहणारी माणसे दोन-तीन, पण हिस्सेदार आठ-दहा. गणपतीत सगळे येतात, आणि एरवी शनिवार-रविवारी पर्यटक येतात. मग खोल्या वाढवायच्या कुठे, याची तीन उत्तरे गावात दिसतात. एक, माळ्याची पाटई नवी करून, आतून प्लायवूड ठोकून तिथेच खोली काढायची. दोन, कौले उतरवून जुन्या भिंतींवर स्लॅब टाकायचा आणि जमेल तेव्हा वर मजला चढवायचा. तीन, मागच्या पडवीपासून परसाकडे घर वाढवत न्यायचे. पहिला मार्ग स्वस्त वाटतो, दुसरा पक्का वाटतो आणि तिसऱ्यात जागा फुकट जाते असे वाटते. या तिन्ही समजुती हिशेबाला बसवून पाहिल्या तर पसंतीचा क्रम जवळजवळ उलटा लागतो. जुने घर जेवढे हलके राहील तेवढे टिकेल. वाढ करायचीच असेल तर ती त्याच्या डोक्यावर नको, पाठीशी हवी. पाठीशी केलेली ती वाढ नीट विचाराने बांधली, तर वादळात जुन्या घरालाही तिचा आधार होतो. ही बाजू मांडताना वाटेत खऱ्या अडचणी येतात; कायद्याची अडचण त्यांत सर्वांत मोठी आहे.

आधी हे जुने घर काम कसे करते ते पाहायला हवे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्यामुळे या घराची पहिली गरज छपराची. भिंती त्यानंतर येतात. मधे माजघर, पुढे ओटी-पडवी, मागे स्वयंपाकघर आणि आणखी एक पडवी अशी रचना असते. छपराचा उतार मधल्या आढ्यापासून दोन्हीकडे खाली येत पडव्यांवर इतका लवतो की मुख्य भिंतीला पावसाचे पाणी लागतच नाही. म्हणजे पडवी ही भिंतीची छत्री आहे. माजघरावरच्या पाटईने माळा तयार होतो. तिथे भात, नारळ, सुपारी, चटया, लग्नाकार्याची भांडी राहत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तापलेली कौले आणि माणसांचे डोके यांच्यामध्ये हवेचा एक थर राहत असे. कौलांच्या फटींतून ती गरम हवा सतत निसटते. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरच्या जेप्पू भागात कौलांचा कारखाना काढला आणि गलबतांतून ही कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्याआधीच्या कुंभाराच्या नळीच्या कौलांपेक्षा ती एकमेकांत घट्ट बसत, दरवर्षीची शाकारणी बरीच कमी करावी लागे. पण हवा खेळण्याची सोय त्यांनीही मोडली नाही. चूल होती तोवर धूर याच वाटेने वर जाई आणि वाशांना कीड कमी लागे, असे जुने सुतार मानतात. चुलीच्या जागी गॅस आला आणि ही फुकटची राखण संपली.

या घरावर आज येणारा ताण नवा आहे हेही मान्य करायला हवे. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच्या आगेमागे आणि पुढच्या काही दशकांत इथली माणसे मुंबईला, आखाती देशांत, काही घराण्यांतली तर दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेली. नांदगाव, रेवदंडा या पट्ट्यातली बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला गेली. घरे मोठी राहिली आणि माणसे पातळ झाली. म्हणजे त्या काळात जागेची टंचाई नव्हतीच. ती आली पर्यटकांबरोबर. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि काशीद-मुरुडचा किनारा मुंबईकरांच्या दोन दिवसांच्या सुट्टीत बसू लागला. निवास-न्याहारीचा फलक लावणाऱ्या घराला पाहुणा पहिला प्रश्न विचारतो तो खोलीच्या आकाराचा नसतो. संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे का, हा असतो. मुरुडच्या घरवाढीचे निम्मे अर्थशास्त्र या एका प्रश्नात आहे. माळा, स्लॅब आणि पडवी यांची तुलना करताना पलंग कुठे मावेल यापेक्षा पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल हे आधी विचारले पाहिजे.

आता माळा. कल्पना अशी की जागा आयतीच आहे, फक्त वापरात आणायची. पण मोजमाप घेतले की ती जागा विरघळते. अठरा फूट म्हणजे साडेपाच मीटर खोलीच्या घरावर तीस अंशांच्या उताराचे छप्पर घेतले, तर आढे भिंतीच्या माथ्यापासून जेमतेम एक मीटर साठ सेंटिमीटर वर येते. आठ मीटर खोलीचे मोठे घर घेतले तरी हा आकडा दोन मीटर तीस सेंटिमीटरच्या आसपास राहतो, आणि तोही फक्त मधोमध, आढ्याच्या रेषेत. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान पावणेतीन मीटर हवी. उतरत्या छपराखाली ही उंची सरासरीने धरता येते, पण वळचणीच्या बाजूलाही डोक्यावर दोन मीटर चाळीस सेंटिमीटर मोकळे असावे लागतात. दीड मीटरपर्यंत उंची असलेल्या जागेला संहिता सामान ठेवायचा माळाच म्हणते. पाटई भिंतीच्या माथ्याखाली हात-दीड हात असली तरी हे गणित फारसे बदलत नाही. म्हणजे मुरुडच्या बहुतेक घरांत माळ्याची खोली करायची तर भिंती वर न्याव्या लागतात, छप्पर उतरवून पुन्हा चढवावे लागते. मग तो माळा राहत नाही, सरळ सरळ नवा मजला होतो, आणि स्वस्तपणाचा मुद्दा तिथेच गळतो. भिंती न वाढवता जे केले जाते त्यात पाहुणा मधोमध उभा राहतो आणि दोन्ही बाजूंना वाकतो. शिवाय शिडीच्या जागी माणसाने चढावा असा जिना घालायचा, तर खाली माजघराचा चाळीस-पन्नास चौरस फुटांचा तुकडा त्यात जातो. वर एक खोली मिळवताना खालची एक खोली अर्धी होते, हे नकाशावर नेहमी उशिरा लक्षात येते.

इंग्लंडच्या उपनगरांत माळ्याच्या खोल्या हजारोंनी झाल्या, मग इथे का नकोत, असा प्रश्न परदेशी राहून आलेले नातलग हमखास विचारतात. तिथे एका बाजूने दुसऱ्याला चिकटलेल्या किंवा सुट्या घराला छपरात पन्नास घनमीटरपर्यंत आणि ओळीतल्या घराला चाळीस घनमीटरपर्यंत वाढ, काही अटी पाळल्या तर वेगळी परवानगी न घेता करता येते. सोय खरी आहे, पण तिच्यामागची परिस्थिती निराळी आहे. तिथला उतार बहुधा जास्त तीव्र, भिंती पक्क्या विटांच्या, आणि थंडीमुळे माळा बंदिस्त करून उबदार ठेवणे हेच उद्दिष्ट. इथे माळा बंदिस्त केला की त्याची भट्टी होते. कौलांखाली प्लायवूड किंवा पीओपीचे छत ठोकले की एप्रिल-मेमध्ये उष्णता अडकते आणि जूननंतर ओल अडकते. कौलातून झिरपलेला थेंब पूर्वी पाटईवर पडून दिसत असे, आता तो छताच्या मागे रीप आणि वासा भिजवत राहतो आणि वाळवी लागल्यावरच कळतो. यावर उपाय म्हणून वातानुकूलन यंत्र बसवतात. मग थंड केलेल्या खोलीच्या छतामागे दमट हवेचे पाणी साचते, म्हणजे आजार दुप्पट. इंग्लंडकडून घ्यायचा धडा दुसराच आहे: तिथला चांगला कारागीर खालच्या छताच्या जुन्या तुळ्यांवर नवी खोली बसवत नाही, तो नव्या जाड तुळ्या वेगळ्या टाकतो, त्या भक्कम भिंतींवर किंवा लोखंडी गर्डरवर टेकवतो. जुन्या लाकडाला नवा भार द्यायचा नाही, ही शिस्त तिथेही आहे.

माळ्याची बाजू घेणारे म्हणतील की ज्या पाटईने भाताच्या मुडी पेलल्या ती दोन पलंग पेलणार नाही का? मुद्दा बिनतोड वाटतो, आणि काही घरांत तो खराही असेल. सागाची तुळई आजही निरोगी असेल तर ती बरेच काही पेलते. पण राहत्या खोलीसाठी भारतीय मानक दर चौरस मीटरला दोनशे किलो भार धरायला सांगते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला हा आकडा सव्वादोन टनांच्या घरात जातो. भाताची रास भिंतीकडेला, स्थिर, कोरडी असे. माणसे चालतात, एकत्र जमतात, आणि मुख्य म्हणजे पाणी सांडतात. माळ्यावर जोडून न्हाणीघर काढले की प्रश्न भाराचा उरत नाही. लाकडी पाटईवर सिमेंटचा थर आणि टाइल्स बसवून केलेले न्हाणीघर पहिल्या दोन पावसाळ्यांत बरे दिसते. लाकूड हलते, सिमेंट हलत नाही, तेव्हा सांध्याला चीर जाते आणि तुळईचे टोक, भिंतीत बसलेले, नेमके न दिसणारे, कुजू लागते. माळ्यावर मुलांना झोपायला, पुस्तकांना, गणपतीतल्या चार दिवसांच्या गर्दीला जागा करा. त्यात काही बिघडत नाही. पैसे घेऊन पाहुणा ठेवण्याची खोली तिथे करू नये. नळ तर तिथे नेऊच नये.

स्लॅबचे आकर्षण याहून खोल आहे आणि त्याला उत्तर देणेही अवघड. कौलारू म्हणजे जुने, स्लॅब म्हणजे सुधारलेले, हे समीकरण कोकणात दोन पिढ्यांपासून बसले आहे. मुंबईहून किंवा आखातातून पैसा आला की पहिल्यांदा छप्पर बदलते. वजनाकडे मात्र कोणी पाहत नाही. मंगलोरी कौले, रिपांसह, दर चौरस मीटरला सुमारे पासष्ट किलो भरतात. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब त्याच जागेत तीनशे किलोंच्या वर जातो, आणि त्यावरचा गळतीविरोधी थर, पाण्याची टाकी, पुढे कधीतरी चढणारा मजला वेगळाच. ज्या भिंती मातीत किंवा चुन्यात बांधल्या, ज्यांचा पाया फक्त कौलांचा आणि स्वतःचा भार धरून घातला, त्यांच्यावर एकाएकी पाचपट ओझे येते. चिऱ्याची ताकद खाणीखाणीत बदलते. मानक दर चौरस मिलिमीटरला साडेतीन न्यूटन मागते, पण हातात येणारा प्रत्येक चिरा तेवढा असतोच असे नाही. कौलारू घराच्या भिंतीला आढी-वासे बांधून ठेवतात. स्लॅब नुसता टेकवला तर तो भिंतींना बांधत नाही, आणि जमीन हलली की त्याचे वजनच भिंतींवर उलटते. १९६७ च्या कोयना भूकंपाने कोकण हादरले होते, हे इथे विसरता येत नाही. खांब-तुळ्यांचा सांगाडा आतून वेगळा उभा करून त्यावर स्लॅब घेतला तर हा आक्षेप लागू होत नाही. पण मग ते जुन्या घराच्या सालपटात बांधलेले नवे घर असते आणि खर्चही नव्या घराचाच येतो.

पक्केपणाबद्दलही थोडे थांबून विचार करायला हवा. समुद्राच्या वाऱ्यात मीठ असते, ते काँक्रीटमध्ये शिरते, आतली सळई गंजते, फुगते आणि प्लास्टर फोडून बाहेर येते. म्हणून काँक्रीटचे भारतीय मानक, आयएस ४५६, किनाऱ्यालगतच्या उघड्या बांधकामासाठी एम-३० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर पंचेचाळीस मिलिमीटर काँक्रीटचे आवरण मागते. लाटांचे तुषार लागतील तिथे पन्नास मिलिमीटर. सौम्य हवामानात हेच आवरण वीस मिलिमीटर चालते. लहान घरांच्या कामात पाटीने माल मोजला जातो, विहिरीचे मचूळ पाणी वापरले जाते आणि सळई फळीला टेकलेली असते. तिथे पुण्या-नाशिकचा वीस मिलिमीटरचा हिशेबही क्वचितच पाळला जातो. असा स्लॅब वीस-पंचवीस वर्षांत खालून गळू लागतो, मग त्यावर पत्र्याची शेड चढते, म्हणजे कौले उतरवून शेवटी पुन्हा उतरते छप्परच घातले जाते. मुरुड-अलिबागच्या रस्त्याला स्लॅबवर पत्रे टाकलेली घरे रांगेने दिसतात. स्लॅबच्या विरुद्ध याहून बोलका पुरावा शोधायची गरज नाही. काँक्रीट म्हणजे आपोआप सुरक्षितता, हा भ्रम याच जिल्ह्यात महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी फार वाईट रीतीने तुटला. दहा वर्षेही जुनी नसलेली पाच मजली इमारत कोसळली आणि सोळा माणसे गेली. एका इमारतीवरून काँक्रीटला दोषी धरता येत नाही. दोष कामाच्या प्रतीचा असतो. पण तीच प्रत किनाऱ्यावरच्या लहान कामात कोण तपासतो, हा प्रश्न तिथून इथे येतो.

इथवर जे म्हटले त्याला एक आक्षेप असा आहे की तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल: ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ. त्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ते किनाऱ्यावर आले तेव्हा वारा ताशी १०० ते १२० किलोमीटरचा होता. मुरुड, श्रीवर्धन तालुक्यांत वाड्या आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे उडाले. स्लॅबची घरे उभी राहिली आणि शेजाऱ्यांनी त्यांत आसरा घेतला. ज्यांनी ते पाहिले त्यांना कौलारू घर हलके आणि म्हणून चांगले, हे पटवणे कठीण आहे. हिशेब मात्र बारकाईने करू. ताशी १०० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे सत्तेचाळीस किलोंचा जोर देतो, १२० चा वारा सुमारे अडुसष्ट किलोंचा. कौलारू छपराचे वजन पासष्ट. म्हणजे मधल्या उतारावरची कौले त्या वाऱ्याशी जेमतेम बरोबरी करत होती. वळचण, कोन आणि आढे यांच्याजवळ मात्र वाऱ्याचा वर ओढणारा जोर कितीतरी जास्त होतो, आणि छप्पर आधी तिथेच उघडते. एक ओळ सुटली की वारा आत शिरतो आणि खालूनही ढकलतो. याचा अर्थ असा की सगळे छप्पर बदलायची गरज नव्हती. कडेच्या आणि आढ्याच्या तीन-चार ओळी तारेने किंवा खिळ्याने रिपेला बांधणे, वासे भिंतीवरच्या तुळईला लोखंडी पट्टीने जखडणे, एवढ्याने बराच फरक पडला असता. प्रत्यक्षात वादळानंतर उलटे घडले. मदतीची रक्कम वाढली (पूर्ण पडलेल्या घरासाठी ९५,१०० रुपयांऐवजी दीड लाख), पण ती पडझडीच्या मापाने मिळाली. पुन्हा बांधताना छप्पर कसे बांधायचे याची अट तिला नव्हती. अनेकांनी कौलांच्या जागी रंगीत पत्रे घातले. पत्र्याचे वजन चौरस मीटरला पाचेक किलो. तो जे टिकतो ते फक्त स्क्रूच्या भरवशावर, आणि खाऱ्या हवेत आधी स्क्रूच गंजतो.

तरी आसऱ्याचा मुद्दा उरतोच, आणि इथेच मागच्या वाढीची खरी बाजू आहे. वादळात पूर्ण घराला स्लॅब लागत नाही. घरातल्या माणसांना चार-पाच तास बसायला एक भक्कम खोली लागते. पडवीच्या मागे, जुन्या भिंतीपासून सुटी, स्वतःच्या पायावर उभी अशी दहा बाय पंधरा फुटांची काँक्रीटची एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर बांधले, तर पाहुण्यांना जोडून बाथरूम मिळते, पाण्याच्या टाकीला भक्कम जागा मिळते आणि वादळाच्या दिवशी तोच घराचा किल्ला होतो. काम लहान असल्यामुळे पंचेचाळीस मिलिमीटरचे आवरण, चांगली वाळू, गोडे पाणी यांचा खर्चही झेपतो. लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेल्या पद्धतीने स्लॅबच्या खालच्या, ताण सोसणाऱ्या भागात जुनी कौले भरून काँक्रीट वाचवता येते. छप्पर दुरुस्तीत निघालेली कौले त्याला चालतात. दोन बांधकामांच्या मध्ये चार फुटांची मोकळी बोळ ठेवणे मात्र अत्यावश्यक. नवा पाया थोडा खचतोच, आणि जुन्या भिंतीला चिकटवलेली खोली खचताना भिंतीला बरोबर घेऊन जाते. शिवाय जुन्या वळचणीचे पाणी आणि नव्या छपराचे पाणी एकाच पन्हळीत आणले की आयुष्यभर गळती पाळावी लागते. बोळ ठेवली की माजघराचा मागचा उजेडही जात नाही. गेलाच तर दोन काचेची कौले तो परत आणतात. वाडी कमी होते ही तक्रार मोजून पाहावी: पोफळी सुमारे पावणेतीन मीटर अंतरावर लावतात, तेव्हा अशी खोली दोन झाडांची जागा घेते, न्हाणीघर धरले तर तीन. एवढ्या सुपारीचे वर्षाचे उत्पन्न खोलीच्या एका सुट्टीतल्या भाड्याशी ताडून बघावे.

मागची वाढ किती करायची याला मर्यादा घालते ती विहीर. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून अठरा मीटर दूर असावा असे मानक सांगते, आणि किनाऱ्यावरच्या वाळूमय जमिनीत, पावसाळ्यात पाणी हातभर खोलीवर आलेले असताना, हे अंतर चैनीचे नाही. लांबट, अरुंद वाड्यांत स्वतःची आणि शेजाऱ्याची अशा दोन विहिरी धरल्या की दोनपेक्षा जास्त न्हाणीघरे बसतच नाहीत. माझ्या मते पाहुण्यांच्या खोल्यांची कमाल संख्या यावरूनच ठरावी.

कायद्याकडे आलो की माझा युक्तिवाद सर्वांत अडचणीत येतो. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, नंतरची २०११ ची, आणि आताची १८ जानेवारी २०१९ ची. नगरपरिषदेच्या हद्दीतला दाट बांधीव भाग साधारणपणे दुसऱ्या वर्गात येतो, आसपासची गावे तिसऱ्यात. तिसऱ्या वर्गात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत (दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक वस्ती असेल तिथे योग्य आराखड्यानंतर ५० मीटरपर्यंत) नव्या बांधकामाला बंदी आहे. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचे क्षेत्र वाढवता येत नाही. स्थानिकांना घरात पाहुणे ठेवायची मुभा २०१९ च्या अधिसूचनेने दिली, तीही जोते, रचना आणि दर्शनी रूप न बदलता. म्हणजे हवामान म्हणते मागे वाढा, कायदा म्हणतो जोते हलवू नका, आणि या कैचीतून माणसे माळ्याकडे वळतात, कारण बाहेरून तो दिसत नाही. या पट्ट्यातल्या घरांना मागची वाढ सुचवणे म्हणजे बेकायदा काम सुचवणे होईल. त्यांच्यासाठी उत्तर आतल्या आतच शोधावे लागते: मागची पडवी हा जोत्याचाच भाग आहे; तिच्या एका टोकाला पक्के न्हाणीघर आणि दुसऱ्या टोकाला छोटी भक्कम खोली, एवढे बसते, आणि छपराचा उतार तोच राहतो. पट्ट्याबाहेरच्या घरांना ही अडचण नाही. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या कामाची परवानगी बरीच सुटसुटीत केली आहे, पण किनारा नियमनाला ती ओलांडत नाही. ही गोष्ट ठेकेदार सांगत नाहीत. माझ्या मते नियमातच एक दुरुस्ती हवी: वादळाचा आसरा म्हणून, ठरावीक लहान मापाची, एकमजली खोली जुन्या घराच्या जमिनीकडच्या बाजूला बांधायची मुभा द्यावी. किनाऱ्याचे रक्षण करणाऱ्या नियमाने किनाऱ्यावरच्या माणसांच्या आसऱ्याची सोय विसरू नये.

कोळीवाड्यांचे प्रकरण वेगळे, आणि त्याला वाडीवाल्यांचे उत्तर लावून चालणार नाही. एकदरा, राजपुरी किंवा मुरुडच्या कोळीवाड्यात घराला घर लागून, मागे परस नाही, पुढे जाळी आणि मासळी सुकवायची जागा. कुटुंब वाढले की वर जाण्यावाचून गत्यंतर नसते. तिथे जुन्या भिंतींवर भार न टाकता आतून चार-सहा लोखंडी खांब स्वतंत्र पायावर उभे करून त्यावर हलका मजला घेणे हाच कमी धोक्याचा मार्ग आहे. लोखंडाला जस्ताचा मुलामा आणि दर काही वर्षांनी रंग लागतो, हा खर्च आधीच धरावा. नऊ मीटरच्या आत तळमजला आणि एक मजला अशी घरे पारंपरिक किनारी समाजांना तिसऱ्या वर्गातही काही पट्ट्यांत परवानगीने बांधता येतात. कोळीवाड्यांची हद्द अनेक ठिकाणी नकाशावर नीट आखलेली नाही, तोवर ही परवानगी कागदावरच राहते. गावठाणांत ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. तिचा खरा उपयोग इथे आहे.

कौलारू छप्पर ठेवा म्हणणाऱ्याला गावात एक तिखट उत्तर मिळते: वानरांचे काय? टोळी एकदा आढ्यावरून गेली की पन्नास कौले फुटतात, आणि फणसाडचे जंगल लागून असल्याने टोळ्या वाढत्या आहेत. कौले परतायला माणूस मिळत नाही. मिळाला तर त्याची मजुरी कौलाच्या किमतीपेक्षा जास्त होते. ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे, आणि तिच्यावर सगळीकडे चालेल असा एकच उपाय नाही. वानरांच्या वाटेवरच्या उतारावर कौलांखाली पत्र्याचा थर घालून वर कौले ठेवण्याची पद्धत काही घरांनी स्वीकारली आहे; वजन थोडे वाढते, गळती थांबते, कौल फुटले तरी घाई राहत नाही. खर्चिक आहे, पण मजला चढवण्यापेक्षा नक्कीच कमी. सुतारांचा प्रश्न मात्र पैशाने लगेच सुटणारा नाही. जुना वासा ठोकून आवाजावरून पोकळी ओळखणारा, तुळईचे कुजलेले टोक कापून नवा तुकडा खाच पाडून जोडणारा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात; या कामाला नियमित मागणी राहिली तरच कोणाचा मुलगा ते शिकेल.

शेवटी छप्पर कोणाचे, हा प्रश्न. मुरुडमधली बरीचशी वाढ गरजेपेक्षा वाटणीतून होते. तीन भावांची मुले, त्यांतल्या मुली (२००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबांत त्यांचाही बरोबरीचा हक्क), प्रत्येकाला आपली वेगळी खोली आणि वेगळे दार हवे. मागे वाढवलेल्या खोल्या अशा रीतीने एकेकाच्या होतात, आणि जुने छप्पर सामाईक राहते, म्हणजे कोणाचेच नाही. नव्या खोलीवर पाच लाख खर्च करणारा हिस्सेदार सामाईक आढ्यासाठी पाच हजार द्यायला वर्षभर लावतो, आणि सहमती नसल्यामुळे परवानगीच्या अर्जावर सगळ्यांच्या सह्याही मिळत नाहीत. म्हणून वाटणीपत्रात, खोल्यांच्या मोजमापाबरोबरच, छपराच्या दुरुस्तीचा हिस्सा लिहून नोंदवावा: दरवर्षी मे महिन्यात किती रक्कम, कोणाकडे जमा, आणि ती न देणाऱ्याच्या खोलीच्या भाड्यातून कशी वळती करायची. असे कलम आज क्वचितच घातले जाते. वकील ते सुचवत नाहीत आणि नातेवाईक ते काढायला लाजतात.